कप एका तासात होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. मी मातीची भांडी करते आणि शिकवते, बरीच वर्षं हेच काम. मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत पॉटरीवर अर्धं पान लेख आला होता, फोटो सुंदर होता, चाकावर ओली चमकणारी माती आणि त्यात रुतलेली बोटं, आणि वर मथळा की एका तासात स्वतःच्या हाताने कप बनवा आणि घरी घेऊन जा. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, चार लोक मातीकडे वळावेत असं त्यांना वाटलं असेल, मलाही तेच वाटतं. पण तो एक तास आणि ते घरी घेऊन जाणं हे खरं नाहीये हो. आणि ते तसंच सोडून दिलं की त्याचा त्रास कोणाला होतो हे मी बघितलंय, म्हणून लिहायला बसले.

माझ्या शनिवारच्या बॅचला एक आठ वर्षांची मुलगी येते. पहिल्या दिवशी आली तेव्हा आईच्या पिशवीत एक प्लास्टिकचा डबा होता आणि डब्यात चिखल. अशाच कुठल्यातरी एका तासाच्या वर्कशॉपमधे तिने कप केला होता, हेअर ड्रायरने वाळवून दिला, त्यावर तिने ॲक्रिलिक रंगाने फुलपाखरू काढलं, घरी नेला, चार दिवस टेबलावर मिरवला आणि पाचव्या दिवशी त्यात पाणी ओतलं. आधी बूड गेलं, मग बाजू बसल्या, कान तेवढा हातात राहिला. आईने ते सगळं फेकून न देता डब्यात भरून ठेवलं याचं मला फार बरं वाटलं. मुलीने डबा माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "ताई, माझं काय चुकलं?"

तिचं काही चुकलं नव्हतं. माती कितीही खडखडीत वाळली तरी ती मातीच असते, पाण्यात टाकली की विरघळणार, आणि वरून ॲक्रिलिक फासलं म्हणून त्यात फरक पडत नाही. मातीचं पक्कं भांडं बनतं ते भट्टीत, साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या मधे कुठेतरी, जेव्हा मातीच्या कणांच्या आतच बांधलेलं पाणी निघून जातं आणि मग ते परत कधी येत नाही. त्यानंतर तुम्ही ते वर्षभर पाण्यात ठेवलं तरी त्याचा चिखल होत नाही. एवढं एक वाक्य त्या मुलीला कोणी सांगितलं असतं तर ती चार दिवस कपाला जपून, पाचव्या दिवशी रडली नसती. आणि ॲक्रिलिकने रंगवलेल्या भांड्यातून काही प्यायचं नसतं हेही सांगायला हवं होतं, ते शोभेसाठी ठीक आहे, तोंडाला लावायला नाही.

आता खरा कप कसा होतो ते सांगते, कारण लेखात त्यातला फक्त चाकाचा भाग आलाय आणि चाकाचा भाग सगळ्यात छोटा असतो. सराव असला तर चाकावर एक कप पाच मिनिटांत उभा राहतो. बाकीचे तीन आठवडे कुठे जातात ते कोणी विचारत नाही.

सकाळी स्टुडिओ उघडला की मी आधी रॅकपाशी जाते. कालची भांडी प्लास्टिकखाली झाकलेली असतात, एकेकावरचं प्लास्टिक उचलायचं, बोटाची मागची बाजू काठाला लावायची, शंका आली तर भांडं गालाला टेकवायचं. गार लागलं म्हणजे आत अजून पाणी आहे आणि ते उडून जाताना गारवा देतंय. अशी एकेक फेरी मारून कळतं की हे दोन कप आत्ता ट्रिम करायचे, म्हणजे जादा माती तासून काढायची, त्या बशा दुपारी, मोठा वाडगा उद्याच, आणि दिवसाचं टाइमटेबल त्यावरून ठरतं. दमट हवेत कप तीन तीन दिवस ओला राहतो, कोरडा वारा सुटला की दुपारपर्यंत हातचा जातो. मग काठ आधी वाळतो, बूड मागे राहतं, आणि दोघं वेगवेगळ्या वेगाने आकसले की भेग पडते. म्हणून काठाला ओल्या कापडाची पट्टी, बुडाला हवा, वर सैलसं प्लास्टिक, असं आजारी माणसासारखं त्यांचं करावं लागतं. कानाचंही तसंच, कप आणि कान दोन्हीची ओल सारखी असेल तरच ते एकमेकांना धरतात, नाहीतर जोडताना अगदी पक्के वाटतात आणि आठवड्याने सांध्यावर केसासारखी रेघ दिसते.

या सगळ्या अवस्थांमधली एक आमच्यासाठी फार मोलाची, तिला आम्ही लेदर हार्ड म्हणतो, म्हणजे जाड चामड्यासारखी माती, उचलली तर वाकत नाही पण नखाने ओरखडा मात्र उठतो. सजावटीचं बहुतेक काम इथेच होतं. लेखात एक वाक्य होतं की कप तयार झाला की त्यावर हवी तशी नक्षी करता येते. मला या वाक्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. हवी तशी आणि हवी तेव्हा नाही करता येत. प्रत्येक नक्षीची मातीच्या ओलीतली स्वतःची जागा असते, आणि ती जागा गेली की गेली, मग तुम्ही कितीही चांगले चित्रकार असा.

सग्राफितो घ्या, इटालियनमधे त्याचा अर्थच ओरखडलेलं. कपावर वेगळ्या रंगाची पातळ माती, म्हणजे स्लिप, ब्रशने लावायची आणि ती किंचित सुकली की कोरून खालचा रंग बाहेर काढायचा. घाई केली तर टोकापुढे माती गोळा होत जाते आणि रेघ फाटकी दिसते. उशीर केला तर टवके उडतात, पानाची शीर काढायला जावं तर अर्धं पानच निघून येतं. मधला जो काही वेळ असतो त्यात सुरी लोण्यातून जावी तशी जाते, आवाज येत नाही, आणि कोरलेली माती बारीक सलग दोऱ्यासारखी वर येते. मी क्लासमधे हे शब्दांत सांगत बसत नाही, एकाच कपावर सकाळी एक रेघ, दुपारी एक आणि संध्याकाळी एक मारून ठेवते आणि कप समोर फिरवते. त्या तीन रेघा बघितल्या की पुढे माझ्याकडे कोणी विचारायला येत नाही की आत्ता कोरू का, स्वतःच बोट लावून बघतात.

भरणीचं काम तर अजून धीराचं. कोरियात गोर्यो राजवटीत, १२व्या शतकात, ते इतकं पुढे नेलं होतं की हिरवट सेलाडॉन ग्लेझखाली, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपाखाली, पांढरे क्रौंच पक्षी आणि ढग तरंगताना दिसतात, आणि ते रंगवलेले नाहीत, कोरून त्यात पांढरी आणि काळी होणारी माती भरलेली आहे. तिथे त्याला सांगगाम म्हणतात. आम्ही ते साध्या रेघांवर करतो, रेघ कोरायची, स्लिप भरायची, आणि मग हात लावायचा नाही, आकसून खाली बसली की परत भरायची, आणि सगळं नीट आवळून आलं की वरचा थर पात्याने खरवडायचा. खरवडायच्या आधी भांडं अगदी घाण दिसतं, नवीन विद्यार्थ्याला वाटतं सगळं बिघडवलं आपण. मग पातं फिरतं आणि खालून स्वच्छ रेघ निघते. हा क्षण बघायला आख्खी बॅच त्या टेबलाभोवती जमते, कितव्यांदा का असेना, मीही जाते.

माझ्याकडे एक निवृत्त काका येतात, त्यांचे दोन्ही हात थरथरतात. चाकावर माती सेंटर करायला, म्हणजे बरोबर मधोमध आणायला, हात स्थिर लागतो, कोपर मांडीला टेकवून सगळा जोर शरीरातून द्यायचा असतो, त्यांना ते झालं नाही आणि तीन क्लासनंतर ते येणं बंद करणार होते. मी त्यांना एका काठीला सुतळी गुंडाळून दिली आणि मातीच्या ओल्या पट्टीवर लाटायला सांगितली. सुतळीचा ठसा इतका सुरेख उठला की ते नुसते बघत राहिले. जपानमधली फार जुनी भांडी याच पद्धतीची, जोमोन हा शब्दच दोरीच्या खुणांवरून आलाय, आणि ती भांडी दहा हजार वर्षांहून जुनी आहेत. आता काकांच्या बरण्यांवर कुठे आडवा ठसा, कुठे तिरका, कुठे दोरीची गाठ, आणि हाताची थरथर त्यात अशी मिसळून गेलीय की दोन बरण्या सारख्या निघत नाहीत. चाक म्हणजेच पॉटरी हे लोकांच्या डोक्यात बसलंय आणि प्रत्येक लेखाचा फोटो तोच असतो, त्याने असे लोक दारातूनच परत जातात हो.

बाकी दिवसात बरंच काम असं असतं ज्याचा फोटो कोणी काढणार नाही. माती मळायची, त्यातली हवा काढायची आणि ओल सगळीकडे सारखी करायची, हे रोजचं. उरलेली माती बादलीत जाते, पण आधी पूर्ण वाळवून, कारण खडखडीत वाळलेला तुकडा पाण्यात टाकला की आपोआप फुटून विरतो आणि अर्धवट ओला तुकडा दिवसेंदिवस तसाच गोळा होऊन बसतो. मग चाळायचं, प्लास्टरच्या लादीवर ओतायचं, लादी पाणी पिऊन घेते, परत मळायचं. संध्याकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसायची, झाडू अजिबात नाही. मातीच्या धुळीत सिलिका असते, ती बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून आत गेली तर फुप्फुसांना सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. वाळलेलं भांडं सँडपेपरने घासायला माझ्याकडे बंदी आहे, ओला स्पंज वापरा म्हणते, आणि ग्लेझची पावडर कालवताना मास्क. मुलांच्या वर्कशॉपमधे पंखे फुल सोडून कोरडी माती झाडताना मी पाहिलंय, तेव्हा हे तरी तुमच्या लेखात यायला हवं होतं.

भट्टीबद्दल थोडक्यात लिहिते. पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, साधारण १००० अंशांपर्यंत. १०० अंशांच्या आधी फार हळू जावं लागतं, कारण मातीत अडकलेल्या पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या १६००-१७०० पट जागा मागते, आणि जागा मिळाली नाही की भांडं फुटतं, शेजारच्यालाही घेऊन जातं. पुढे ५७३ अंशांला मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं आणि उतरताना त्याच ठिकाणी आकसतं, तिथे घाई केली तर तडा. मग ग्लेझ लावून दुसरी भाजणी, माझ्या मातीला साधारण १२२० अंश. नुसतं तापमान पुरत नाही, किती वेळ ती उष्णता लागली हेही बघावं लागतं, म्हणून भट्टीत छोटे मातीचे कोन ठेवतात, ते ठराविक उष्णतेला वाकतात. जर्मनीत हेर्मान झेगर यांनी १८८६ मधे असे कोन केले, अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मधे, आणि आज डिजिटल कंट्रोलर असूनही मी कोन ठेवते. भट्टी बंद केल्यावर पूर्ण एक दिवस, कधी जास्त, थंड व्हायला. एकदा मी २०० अंशांवर झाकण उघडलं होतं, एका विद्यार्थिनीला दुसऱ्या दिवशी परगावी जायचं होतं म्हणून. टिण टिण असे आवाज येत राहिले, चार वाडगे गेले आणि त्यात तिचाही होता. तेव्हापासून कोणी कितीही विनवलं तरी मी नाही उघडत.

आणि रंग. ब्रशने लावताना कोबाल्ट ऑक्साइड काळं दिसतं, भट्टीतून निळं येतं. तांब्याचं हिरवं होतं, पण भट्टीत प्राणवायू कमी पडला तर तेच लाल होतं. ग्लेझ लावलेलं कच्चं भांडं खडू फासल्यासारखं दिसतं. म्हणजे सजवणारा माणूस जे लावतो ते त्याला दिसतच नसतं, त्यासाठी टेस्ट टाइल्स, म्हणजे नमुन्याचे छोटे तुकडे, करून भाजून बघावे लागतात, माझ्या भिंतीवर शेकडो आहेत, प्रत्येकीच्या मागे कोणती माती, किती टक्के काय, कितीवर भाजली ते कोरलेलं. आकारही बदलतो, ओला असताना १० सेंटिमीटरचा कप शेवटी ८.८ च्या आसपास राहतो. हे सगळं एका तासाच्या मथळ्यात कसं बसवणार?

आता त्या मुलीच्या डब्याकडे येते. आम्ही तो चिखल फेकला नाही. ॲक्रिलिकचा पापुद्रा चिमट्याने उचलला, अर्धं फुलपाखरू सलग निघालं, ते तिने वहीत चिकटवलंय. उरलेली माती वाळवली, भिजवली, बारीक चाळणीतून काढली. पण ती कुठली माती, किती उष्णता सोसते हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे तिचाच परत कप करून एकदम भट्टीत टाकणं शक्य नव्हतं, वितळून खालचं शेल्फ खराब झालं असतं. आधी दोन छोट्या टाइल्स केल्या, एक बिस्कला आणि एक मोठ्या भाजणीला, खाली जुनी बशी ठेवून. १००० ला छान विटकरी लाल निघाली. १२२० ला फुगून, बसकण मारून, गडद तपकिरी चकाकी घेऊन बशीला चिकटली. मुलीने दोन्ही हातात घेऊन बराच वेळ बघितल्या आणि म्हणाली की कप नाही झाला तरी रंग होईल ना याचा. मी तिला हे सुचवलं नव्हतं, शप्पथ.

होतो रंग. अशी लवकर वितळणारी माती पातळ करून दुसऱ्या चांगल्या मातीवर स्लिप म्हणून लावता येते. त्यासाठी परत टाइल केली, कारण दोघींचं आकसणं जुळलं नाही तर स्लिपचे पापुद्रे सुटतात, ते जुळलं. मग तिने स्टुडिओच्या मातीचा नवीन कप केला, चिमटीने दाबून दाबून, चाकाशिवाय, आणि तो लेदर हार्ड व्हायची तीन दिवस वाट बघितली. रोज आईच्या फोनवरून विचारायची, झाला का गार लागायचा कमी.

आणि इथे तुमचा पेपर आला. आम्ही जुने पेपर रोज वापरतो, मातीच्या लाद्या वाळवताना मधे घालायला, भांडी गुंडाळायला, आणि सगळ्यात जास्त स्टेन्सिल कापायला. पेपरचा आकार कापायचा, ओला करून लेदर हार्ड कपावर चिकटवायचा, वरून स्लिप लावायची, चकाकी गेली की सुईच्या टोकाने कागद उचलायचा, खाली मातीचा मूळ रंग तसाच. बातम्यांच्या पानांचा कागद यासाठी उत्तम, पाणी पिऊन मऊ पडतो आणि गोलाईवर नीट बसतो, शाई उतरली तरी भट्टीत जळून जाते. पुरवणीचा गुळगुळीत कागद चिकटत नाही, तरी मुलीने त्या दिवशी पुरवणीच उघडली, फोटो बघायला. मथळा तिने मोठ्याने वाचला, एका तासात कप बनवा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ताई, यांना सांगा ना.

म्हणून सांगते आहे. माझी विनंती एवढीच की त्या लेखाला जोडून चार ओळी छापा, की प्यायच्या कपाला दोन भाजण्या आणि तीन ते चार आठवडे लागतात, न भाजलेल्या मातीत पाणी घालू नका, आणि वर्कशॉपला जाण्याआधी विचारून घ्या की आमचं भांडं भाजून देणार का, कितीवर, आणि त्यावरचं ग्लेझ खाण्यापिण्याला चालतं का. जे शिक्षक खरं सांगतात ते या प्रश्नांना कंटाळत नाहीत. आणि तुमच्या प्रतिनिधींना पुन्हा लिहायचं असेल तर एका दुपारी येऊन जाऊ नका, एक कप धरा आणि माती मळण्यापासून भट्टी उघडेपर्यंत त्याच्या मागे राहा. आधी फोन करायचीही गरज नाही, सकाळी रॅक बघताना मी असतेच.

मुलीने शेवटी बातम्यांच्या पानातून फुलपाखरू कापलं, पंखांवर कुठल्यातरी बातमीच्या दोन ओळी होत्या. तिच्या जुन्या कपाची स्लिप त्यावरून लावली, काल संध्याकाळी कागद उचलला, डाव्या पंखाची कड थोडी फाटली आणि तिने ती तशीच ठेवायची ठरवली. हे लिहितेय तेव्हा कप रॅकच्या खालच्या फळीवर सैल प्लास्टिकखाली आहे, आत्ताच गालाला लावून आले, अजून चांगलाच गार आहे. पुढच्या आठवड्याच्या बिस्कला तो जाणार नाही, त्याच्या पुढच्या जाईल.

आपली नम्र,
मातीकाम शिकवणारी एक वाचक